साडेपंधराची कॉलर

१

लग्नाच्या व्हिडिओत माणूस जाडा दिसला तर दोष कुणाचा? बिर्याणीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. एडिटिंगवालीचा, म्हणजे माझा. "तेजस्वी, माझ्या भावाचं तोंड काय केलंस गो, भोपळा?" असं मला भर मच्छी मार्केटात ऐकवलेलं आहे.

त्याचं कारण दोन वाक्यांत सांगते. कॉम्प्युटरवरचे ठिपके चौकोनी असतात आणि टीव्हीचे जरा रुंद, त्यामुळे साधा फोटो व्हिडिओत घातला की आडवा फुगतो. मग त्याची रुंदी शंभरावरून चौऱ्याण्णववर आणायची, की झालं. पण काही फोटो आधीच कुणीतरी खेचून ठेवलेले असतात, तिथे चौऱ्याण्णव चालत नाही. म्हणून माझी एक युक्ती होती. फोटोत गोल काय आहे ते शोधायचं. ताट, बांगडी, घड्याळ, काही पण. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्या टेबलावर कायम पडलेलं असायचं. ते स्क्रीनला लावायचं आणि फोटोतली वस्तू झाकणासारखी गोल होईपर्यंत रुंदी कमी-जास्त करायची. वस्तू गोल झाली की माणसं आपोआप बरोबर होतात. सात वर्षांत ही युक्ती एकदाही चुकली नव्हती.

रत्नागिरीत धनजी नाक्याच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर आमची कामाची खोली. नवरा, विनोद, शूटिंग करायचा आणि मी एडिटिंग. मुसलमान मोहल्ल्यांतलं काम आमच्याकडे जास्त यायचं, कारण मेंदी-हळदीला बायकांच्या बाजूला कॅमेरा घेऊन मीच जायची आणि ते सगळं नंतर कॉम्प्युटरवर बघणारीही मीच. परक्या पुरुषाची नजर त्यावर पडत नाही, ही खात्री घरच्यांना असायची. मला काय, फुकटात दागिने बघायला मिळायचे.

व्हिडिओच्या सुरुवातीला घरातल्यांचे फोटो घालायचे. हयात माणसाचा फोटो यायचा, जरा थांबायचा आणि बाजूला सरकायचा. गेलेल्या माणसाचा फोटो हळूहळू पांढऱ्यात विरायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच ठरवलेलं. पण अर्ध्या गावाला ते आता पाठ झालं होतं. फोटो सरकला की बायका हसायच्या, विरायला लागला की डोळ्यांना ओढणी लावायच्या.

२

२००५ सालचा फेब्रुवारी. राजिवडा मोहल्ल्यातल्या अलिझाचं लग्न जानेवारीत झालं होतं आणि तिचे चाचा, झुबेरभाई, फोटोंचं पाकीट घेऊन जिना चढून आले. माणूस सरळ, पण त्या दिवशी माझ्याकडे न बघता बोलत होते.

"वहिनी, हा रशीदभाईचा फोटो. सुरुवातीला घाला. नि नावाच्या आधी मरहूम लिवा."

"म्हणजे... विरवायचा?"

"हां. तुमचा तां जां काय हाय तां."

"इफ्फतभाभींनी सांगितलं?"

"भाभी काय बोलनार?" ते खुर्चीवर बसले. "चार वर्सां होतील आता मे महिन्यात."

रशीदभाई म्हणजे अलिझाचे वडील, इफ्फतभाभींचे यजमान. दुबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे माल नेणाऱ्या लाँचवर सुकाणी होते. २००१ च्या मे महिन्यात लाँच निघाली, ती पोचलीच नाही. मालक म्हणाला बुडाली, आणि हात झटकून मोकळा झाला. तेव्हापासून झुबेरभाई दर दोन महिन्यांनी मुंबईला जायचे. ऑफिसांत अर्ज द्यायचे आणि बंदराजवळच्या मुसाफिरखान्यात परतलेल्या खलाशांना रशीदभाईंचा फोटो दाखवायचे. कुणी ओळखला नाही. आता ते दमले होते आणि घरातल्या मोठ्यांनी एकदाचं ठरवलं होतं. अलिझाची व्हीसीडी दुबई, कुवेत, दोहा, सगळीकडच्या नातेवाइकांकडे जाणार. त्यात रशीदभाई विरले, की सगळ्यांना एका दिवशी कळेल. मग इफ्फतभाभी इद्दतला, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या सुतकाला, बसणार आणि झुबेरभाईंच्या मुंबईच्या फेऱ्या बंद.

म्हणजे मी माऊसचं एक बटण दाबायचं आणि एका माणसाचा शोध थांबायचा. मला ते मुळीच आवडलं नाही. पण कामाला नाही कसं म्हणायचं?

३

त्या दिवसांत दुपारी तीनला लाईट जायची ती सहालाच यायची. सकाळी मी कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवायची आणि दोन ते तीन हा एक तास फोटोंसाठी ठेवलेला. खाली गिरणी चालू असायची. जमीन थरथरायची, खिडकीचं तावदान वाजायचं, सगळीकडे पिठाचा वास. तीन वाजले की गिरणीचा पट्टा हळूहळू मंदावायचा आणि सगळं गप्प व्हायचं.

रशीदभाईंचा फोटो त्यांच्या घरातच काढलेला. इफ्फतभाभी खुर्चीत, शेजारी अलिझा, असेल तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. मागे रशीदभाई उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर. अंगात बारीक रेघांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भरल्या अंगाचा हसरा माणूस. आणि डोक्यावर भिंतीला गोल घड्याळ. मला घड्याळ बघूनच बरं वाटलं, म्हटलं दोन मिनिटांचं काम.

फोटो स्कॅन केला, व्हिडिओत टाकला, झाकण लावलं, रुंदी चौऱ्याण्णव केली. घड्याळ गोल. इफ्फतभाभी बरोबर. अलिझा बरोबर.

रशीदभाई बारीक.

मी झाकण पुसून पुन्हा लावलं. घड्याळ गोलच होतं. रुंदी वाढवली तर रशीदभाई ठीक दिसायला लागले, पण घड्याळाचं अंडं झालं आणि भाभींचं तोंड पसरलं. फोटो आडवा फुगला तर सगळा फुगतो आणि दबला तर सगळा दबतो. मधल्या एकाच माणसाला वगळून कसा दबेल?

मूळ फोटो हातात घेतला. त्यात रशीदभाई चांगले गुबगुबीत होते.

"अहो, इकडे या जरा," मी विनोदला हाक मारली. "हे बघा. हा माणूस बारीक वाटतो का तुम्हाला?"

विनोदने डबा खाता खाता मान वर केली. "तुला आजकाल सगळेच बारीक वाटतात. मला वाट्टेल तेवढा भात वाढतेस तो त्यामुळेच का?"

"चेष्टा पुरे."

"अगो, स्कॅनरची काच तिथे खराब असेल. नायतर गिरणीच्या हादऱ्याने हलला असेल फोटो. ओढ नि टाक त्याला एकट्याला."

मी रशीदभाईंच्या भोवती रेघ मारून त्यांना फोटोपासून वेगळं केलं आणि त्यांची एकट्याची रुंदी एकशे सहा केली. शर्ट जरा पसरला, पण तोंड भरलं. सेव्ह केलं, आणि तीन वाजले.

४

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. आकडा एकशे सहाच होता, पण रशीदभाई पुन्हा बारीक होते.

एकशे नऊ केला. तिसऱ्या दिवशी एकशे नऊ पुरेना, एकशे बारा लागला. मी आकडे कॅसेटच्या खोक्यावर लिहायला लागले. खोटं कशाला बोलू, पहिले तीन दिवस मला भीती नाही वाटली, राग आला. स्कॅनर खराब, कॉम्प्युटर खराब, गिरणीवाला खराब, सगळ्यांना शिव्या दिल्या. फोटो नव्याने स्कॅन केला. दुसऱ्या स्टुडिओत जाऊन तिथल्या मशीनवर स्कॅन करून आणला. तिथेसुद्धा घड्याळ गोल, बायको-मुलगी बरोबर आणि रशीदभाई कालच्यापेक्षा थोडे कमी.

चौथ्या दिवशी मला ती कॉलर दिसली.

इतके दिवस मी तोंडच बघत होते. माणूस दबला तर त्याचा शर्टही दबायला हवा, नाही का? खिसा दबायला हवा, रेघा जवळ यायला हव्यात. मी मूळ फोटोवर पट्टी ठेवून खिसा मोजला, खांदा मोजला, मग स्क्रीनवर घड्याळाच्या हिशोबाने मोजला. शर्ट जसाच्या तसा होता. एका रेघेचाही फरक नाही. कॉलर तेवढीच, बाह्या तेवढ्याच. त्या कॉलरमध्ये मान मात्र बारीक झाली होती. दोन्ही बाजूंना अंधाराची एकेक फट पडली होती. बाहीतून निघालेलं मनगट पण तसंच.

म्हणजे फोटो दबलाच नव्हता. माणूस वाळत होता.

मी उठून खिडकी उघडली. खाली गिरणीच्या दारात बायका डबे घेऊन बसल्या होत्या, कुणाची तरी कोंबडी आत शिरली म्हणून आरडाओरडा चालला होता. भर दुपार, लख्ख ऊन. अशा उजेडात घाबरायचं म्हणजे लाजच. तरी मी घाबरले होते. परत येऊन मी शर्ट सोडून फक्त तोंड, मान आणि हात निवडले, आणि हळूहळू रुंद करत गेले. एकशे पंधरावर मान कॉलरला लागली. रशीदभाईंच्या चेहऱ्याला तेवढ्यापुरता आराम पडल्यासारखं मला वाटलं. मी स्वतःला म्हटलं, तेजस्वी, चष्मा लाव आता.

५

त्यानंतर मी आठ दिवस ती फाईल उघडली नाही.

कारण सांगायला बरीच होती. पावस गावात एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं, त्याची कॅसेट घाईची होती. झुबेरभाईंचा फोन आला की "होईल, होईल" म्हणायचं. खरं कारण एकच, हिंमत नव्हती. पण घरी कालवण ढवळतानासुद्धा ती कॉलर डोळ्यांसमोर यायची. नवव्या दिवशी विनोद म्हणाला, "तू जेवत नाहीस धड. उघड ती फाईल नि संपव एकदाची." आणि कॅमेऱ्याची बॅग घेऊन पावसला निघून गेला. अस्सा नवरा.

दोनला पाच कमी असताना मी फाईल उघडली.

आधी घड्याळ बघितलं. मुद्दाम. झाकण लावलं, गोल होतं. मग भाभी, मग अलिझा. मग नजर वर नेली.

गालांच्या जागी खळगे होते. कॉलरमध्ये दोन मुठी जातील एवढी जागा, आणि तिच्यात मान एखाद्या काठीसारखी. ओठ मिटलेले होते, फोटोत ते हसत होते. पण मला तिथून उठवलं ते त्यांच्या हाताने. खुर्चीच्या पाठीवर सहज टेकलेला तो हात आता तसा नव्हता. बोटं वळली होती. पेरं पांढरी पडली होती. पडू नये म्हणून माणूस धरतो तशी ती खुर्ची त्यांनी घट्ट धरली होती.

गिरणी खाली चालू होती, स्क्रीन बारीक थरथरत होता. आणि ती बोटं त्या थरथरीत नव्हती, स्थिर होती. मी खुर्ची मागे ढकलून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पळून जाणार होते. पण मला स्वतःची इतकी शरम वाटली की काय सांगू. आठ दिवस! आठ दिवस मी ह्या माणसाकडे बघितलं नव्हतं.

मी इफ्फतभाभींना फोन लावला. "भाभी, आत्ताच्या आत्ता या. रिक्षा करून या. तीनच्या आत."

६

इफ्फतभाभी कपडे शिवायच्या. यजमान गेल्यापासून घर त्यावरच चाललेलं. बेचाळीस वर्षांची शांत बाई, गळ्यात टेप तशीच लटकत होती, घाईत काढायची राहिलेली.

"काय झाला गो, अलिझाच्या कॅसेटला काय झाला?"

मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? फक्त त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि बाजूला झाले.

मला वाटलं किंचाळतील, मला शिव्या देतील. त्यांनी हात पुढे करून स्क्रीनवर, कॉलरच्या त्या काळ्या फटीवर बोट ठेवलं.

"ही साडेपंधराची कॉलर," त्या म्हणाल्या. "हा शर्ट मीच शिवलेला, जाताना नवीन घालून गेले, त्याच दिवसाचा हा फोटो. कॉलर बंद केली की एक बोट जायला हवा. एक बोट गेला म्हंजे माप बरोबर. दोन गेली की कारागीर वायट." त्यांनी पंजा उभा करून फटीवर धरला. "हय माझा अख्खा हात जातंय."

"भाभी, कॉम्प्युटरचा पण काहीतरी घोटाळा असेल..."

"शर्ट का नाय मग बारीक झालो?" माझ्या मनातलं त्या एका नजरेत बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. "तेजस्वी, तू मना एक सांग. मेलेला मानुस बारीक होतो काय गो?"

इतके दिवस मी त्या फोटोला घाबरत होते, आणि हा एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "नाही होत, भाभी."

"मग ह्यांना उपाशी कोन ठेवतंय, तां शोधूया."

७

झुबेरभाई आले तेव्हा तीन वाजून गेले होते. स्क्रीन काळा. भाभींनी त्यांना बोलावून घेतलेलं, आणि ते चिडले होते.

"भाभी, तुमी आता फोटोवर जानार? लोक काय म्हनतील? आन् वहिनी, तुमी शिकलेल्या, तुमी तरी..."

"मी काहीच म्हणत नाहीये," मी म्हटलं. खरंच, मला त्यांच्या जागी काय वाटलं असतं? "पण एक विचारू? मुसाफिरखान्यात तुम्ही कुठला फोटो दाखवायचात?"

"हाच. त्याचीच कॉपी."

"हा असा, भरल्या गालांचा?"

"मग कसला दाखवनार? भाव माझा असाच होता."

इफ्फतभाभींनी त्यांच्यापुढे कागद ठेवला. लाईट जायच्या आधी मी तो छापून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटो नीट न करता छापला होता, काही न ओढता, न भरता. फक्त चेहरा आणि ती कॉलर. झुबेरभाईंनी तो हातात घेतला आणि लगेच उलटा ठेवला.

"ह्यो काय केलात भावाचा?" ते अगदी हळू म्हणाले.

"मी काही केलं नाही. तुमच्या गळ्याची शप्पथ, झुबेरभाई."

"एकदाच जावा," भाभी म्हणाल्या. "ह्यो घेऊन. एकदाच. नाय कोन ओळखला तर येऊन सांगा, मी आपल्या पायांनी इद्दतला बसते. मंग नाय रडनार, नाय बोलनार."

झुबेरभाईंना ते पटलं नव्हतं, ते दिसत होतं. पण उठताना त्यांनी कागदाची घडी घातली, ती चेहऱ्यावर पडू नये अशी बेताने, आणि खिशात ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबईहून फोन आला, आमच्याच खोलीवर. झुबेरभाई रडत रडत सांगत होते. हर्णेचा एक खलाशी मुसाफिरखान्यात होता, सहा महिन्यांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका तुरुंगातून सुटून आलेला. डिसेंबरात त्याला गुबगुबीत फोटो दाखवला तेव्हा त्याने मान हलवली होती. आता कागद उलगडल्याबरोबर तो उभाच राहिला. "ह्यो? ह्यो तर आमच्याच कोठडीत होता! पन ह्याचा नाव रशीद नाय बोलायचे, कागदावर दुसराच नाव होता."

मी फोन ठेवला आणि तिथेच, पिठाच्या वासात, ढसाढसा रडले. विनोद आला आणि काही न विचारता माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. नवरा वाईट नाही माझा.

८

लाँच बुडाली नव्हती, तिकडे पकडली होती; त्यात कागदावर नाव दुसरंच, म्हणून पुढे कागदपत्रांचे आठ महिने गेले. ती कटकट झुबेरभाईंची, मी त्यात पडत नाही. व्हीसीडी थांबवून ठेवली होती. पण एक गोष्ट मी केली, आणि ती आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. कागद छापला त्याच दिवसापासून रोज दुपारी दोनला ती फाईल उघडायची, घड्याळ गोल करायचं आणि रशीदभाईंचा चेहरा, मान, हात हळूहळू भरून द्यायचे. मान कॉलरला लागेपर्यंत. मग तीनला लाईट जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. रविवारीसुद्धा. चतुर्थीला घरी पाहुणे असताना, "स्कॅनर चालू राहिलाय" अशी थाप मारून गेले. ह्याचा उपयोग काय, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. उपाशी माणसाच्या पुढून उठून जायचं नाही, एवढंच मनाशी धरलं होतं.

रमजान ईदच्या चार दिवस आधी रशीदभाई घरी आले. ईदनंतर सगळे मिळून आमच्या खोलीवर आले, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. फोटोतला माणूस समोर उभा राहिला की कसं वाटतं, ते मला लिहिता येत नाही. बारीक होते, केस पांढरे झाले होते, जिना चढताना झुबेरभाईंनी दंड धरला होता. पण हसले, आणि मी ओळखलं.

"ही तेजस्वी," भाभी म्हणाल्या. "हिनंच छापला तां."

"बाय, अल्ला तुना सुखी ठेवो," ते म्हणाले. बसले. खालची गिरणी ऐकत राहिले जरा वेळ.

"जेवायला काय द्यायचे हो तिकडे?" विनोदने विचारलं. ह्याला नेमकं हेच सुचतं.

"काय नाय देत होते. पातळ कांजी, ती पन एक दिवसाआड." ते थोडे लाजल्यासारखे हसले. "पन एक मजा होती. इफ्फतला सांगितला तर ती रडते. दुपारच्याला पोट भरायचा माझा. काय खाल्ल्याबिगर. म्हंजे खरंच, गालात, हातात जीव यायचा. मी बाकीच्यांना बोलायचो, माझी कांजी तुमी घ्या, मी जेवलो आता. ते म्हनायचे ह्यो येडा झालाय. थोडाच वेळ असायचा तां. जोहरची अजान व्हायच्या जरा आधी एकदम बंद व्हायचा."

मी उगीच वायरी आवरायला लागले.

"सुरू कधी झाला?" भाभींनी विचारलं.

"औंदाच. आन् मधे एकदा बंदच पडला. आठ दिवस. मोजले मी. तेव्हा वाटला, संपला आता, घरच्यांनी सोडला आपल्याला. भिंतीला धरून उभा ऱ्हायचो." त्यांनी हात हवेत धरून दाखवला. बोटं वळलेली, पेरं पांढरी. "मंग परत सुरू झाला. मंग कदी खाडा नाय."

"तिकडे किती वाजता असते ती अजान?" मी विचारलं.

"साडेबाराच्या पुढं."

"तिकडचा टाइम आपल्यापेक्षा अडीच तास मागं," झुबेरभाई म्हणाले. अर्जांवर अर्ज करून त्यांना ते पाठ झालं होतं.

मी हिशोब केला नाही. करायची गरज नव्हती. खाली पट्टा मंदावत मंदावत थांबला आणि खोलीतला पंखा फिरायचा राहिला. "आली वेळ," विनोद म्हणाला. भाभी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी एवढंच केलं, की शीरखुर्म्याच्या डब्याचं झाकण उघडून पहिली वाटी माझ्यासमोर ठेवली.

९

अलिझाच्या व्हीसीडीत रशीदभाईंचा तोच फोटो आहे. तो येतो, थांबतो आणि बाजूला सरकतो. राजिवड्यात त्या जागी सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या, असं मला कळलं.

ती जुनी फाईल मी त्यानंतर उघडली नव्हती. परवा, जानेवारीत, दुपारी काम संपलं होतं, तीनला दहा कमी होते आणि राहवलं नाही. रुंदी चौऱ्याण्णव केली. झाकण लावलं. घड्याळ गोल, भाभी बरोबर, अलिझा बरोबर. मी रशीदभाईंच्या भोवती रेघ मारली नाही, आकड्याला हात लावला नाही.

हात खुर्चीच्या पाठीवर सैल टेकलेला होता. गाल अजून पहिल्याएवढे नाहीत, पण खळगे बुजले आहेत. मी पुढे झुकले आणि कॉलरच्या त्या फटीवर माझं बोट ठेवून बघितलं.

एकच मावलं. तेवढ्यात लाईट गेली.